आनंदप्रमुखाचा तक्ता

३ फेब्रुवारी

प्रशिक्षक म्हणाले, रोज लिहा, मेंदूला वळण लागतं. म्हणून लिहायला बसलो आहे. एरवी लाँड्रीच्या आवक-जावक वहीपलीकडे माझा लेखनाशी संबंध नाही, आणि त्या वहीतही मी फक्त सही करतो.

दोन दिवसांचं शिबिर आज संपलं. मालकांनी सगळ्या विभागांतून मला एकट्याला पाठवलं. (वाहतूक विभागाचा प्रमुख रजेवर होता हे खरं, पण त्याचा इथे संबंध नाही.) बावन्न वर्षांचा झालो आणि आज कळलं की आनंद म्हणजे चार रसायनं. डोपामाइन, सेरोटोनिन, ऑक्सिटोसिन, एंडॉर्फिन. पहिलं माणसाला कामाला लावतं, दुसरं मन थाऱ्यावर ठेवतं, तिसरं माया लावतं, चौथं दुखणं विसरायला लावतं. एक जण तडक उठतो आणि दुसरा लोळत पडतो, त्यात नशिबाचा वगैरे काही भाग नाही. सगळा कारभार या चौघांचा. प्रशिक्षक टेबलावर चढून म्हणाले, "तुमच्या मेंदूचे मालक कोण?" आम्ही चाळीस जणांनी तीनदा ओरडून सांगितलं, आम्ही. नंतर घसा बसला.

घरी जेवताना सौ.ला सगळं समजावलं. ती ऐकत होती. भाजीत मीठ नव्हतं, पण मी ते सकारात्मकतेने घेतलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "यातलं झोपेचं कोणतं?"

"ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सत्रात होतं. मी तेव्हा चहाच्या रांगेत होतो."

"बरं," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ताट भरलेलंच होतं. डोपामाइनचा अभाव! प्रशिक्षकांनी सांगितलेली सगळी लक्षणं माझ्या स्वयंपाकघरात हजर, आणि मी ती पाहायला एवढ्या लांब गेलो.

५ फेब्रुवारी

मालकांनी मला 'आनंदप्रमुख' केलं. खुर्ची तीच, दारावरची पाटी नवी.

आमची लाँड्री हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुते. धुऊन, तापलेल्या रुळांतून इस्त्री होऊन चादर घड्यांच्या टेबलावर येते. तिथे बारा बायका. त्या टेबलामागच्या भिंतीवर आज फळा लावला. प्रत्येकीच्या नावापुढे चौकोन. शंभर घड्या झाल्या की एक सोनेरी चांदणी चिकटवायची.

टेबलाच्या टोकाला, रुळांपाशी, एकोणीस वर्षं मुकादमबाई उभ्या असतात. त्यांनी कमरेवर हात ठेवून फळा वाचला.

"साहेब, चांदणीनं काय होणार?"

"बक्षीस मिळणार असं कळलं की मेंदूत डोपामाइन सुटतं."

"सुटून जातं कुठं?"

"मेंदूतच असतं."

"मग तुमचा मेंदू जरा रुळांपाशी आणून ठेवा. तिथं काय काय सुटतं ते बघा. पंख्याचं काय झालं?"

पंख्याची मागणी जुनी आहे. रूळ दिवसभर वाफ ओकतात, मान्य. पण पंखा बाहेरून येतो, आनंद आतून. वाक्य चांगलं जमलं म्हणून फळ्याच्या डोक्यावर लिहून टाकलं. मुकादमबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि बाराही जणी बराच वेळ हसत होत्या. हसण्याने एंडॉर्फिन वाढतं. पहिल्याच दिवशी!

९ फेब्रुवारी

घड्या वाढल्या! मालक स्वतः येऊन चांदण्या मोजून गेले.

मग घरच मागे का ठेवायचं? फ्रिजवर सौ.साठी तक्ता चिकटवला. उठणे, अंघोळ, जेवण, शिलाई, हास्य. प्रत्येकाला पाचपैकी गुण. ती लोकांचे कपडे उसवून, बेतून बसवून देते. हात फार चांगला आहे. पण मशीनवर कपड्यांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच. गिऱ्हाइकं आधी फोन करत, आता येऊन आपापले कपडे परत घेऊन जातात. तिची आई गेली त्याला आठ महिने झाले, मुलगी शिकायला परगावी गेली त्याला सहा. आता घरात तिला काम तरी काय? रिकामपण मेंदूला गंज आणतं (शिबिर, पान ११).

तक्ता पाहून ती म्हणाली, "हास्याचे गुण कोण देणार?"

"मीच. निःपक्षपाती."

यावर ती किंचित हसली. दोन गुण दिले.

१२ फेब्रुवारी

गार पाण्याची अंघोळ सुरू. मी सकाळी दोन तांबे घेतले आणि तिसरा घेण्याची गरज भासली नाही. सौ. मात्र पाऊण तास आत होती. नळ सोडलेला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, चेहरा सुजलेला. थंड पाण्याने रक्ताभिसरण किती वाढतं! अंघोळ : ५.

१४ फेब्रुवारी

आज ऑक्सिटोसिन. मिठी किमान वीस सेकंद हवी, त्याआधी रसायन सुटत नाही. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही कधी घड्याळ लावलं नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी धरलं आणि मोजायला लागलो. बाराला ती रडायला लागली. इतक्या जोरात की माझे आकडे चुकले. तेरा झाले की चौदा ते आठवेना, म्हणून सोडून दिलं.

"काय झालं?" विचारलं.

"काही नाही. मोजा तुम्ही."

बाराव्याच सेकंदाला असा परिणाम शिबिरात कुणाचाच झाला नव्हता. प्रशिक्षकांना कळवायला हवं.

१८ फेब्रुवारी

सौ. आज आपणहून गच्चीवर गेली! रिकामी बादली घेऊन. वाळत घालायला काही नव्हतं, तरी अर्धा तास कठड्यापाशी उभी होती. मी खिडकीतून बाहेर वाकून वर पाहिलं आणि हाक मारली, तेव्हा कुठे आली. ऊन, मोकळी हवा. सेरोटोनिन. तक्त्यात पूर्ण पाच.

लाँड्रीत मात्र कटकट. एका हॉटेलने गाडीभर चादरी परत पाठवल्या. अर्ध्या ओल्या. घाईत दोन चादरींची एकच घडी. शिवाय काही जणी उशांचे अभ्रे चादरी म्हणून मोजत होत्या.

मुकादमबाईंना फैलावर घेतलं, तर त्यांनी मलाच घेतलं. "साहेब, आमच्यातल्या एकीचा गुडघा धरलाय. पूर्वी ती मागं पडली की शेजारची न बोलता तिच्या चादरी ओढून घ्यायची. आता ओढली तर चांदणी कुणाची, यावर तास जातो. भांडणं तुम्ही आणलीत, आता घड्याही तुम्हीच घाला."

प्रशिक्षकांना फोन केला. ते म्हणाले, मेंदू बक्षिसाला सरावतो, बक्षीस अनिश्चित ठेवा. मग चिठ्ठ्यांचा डबा आणला. प्रत्येकीने नावाची चिठ्ठी टाकायची, जिची निघेल तिलाच चांदणी. दुपारी डब्यात बारा चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यांवर एकच शब्द. पंखा.

२२ फेब्रुवारी

मेहुणी न कळवता आली. सौ.ची धाकटी बहीण. औषधांचं दुकान चालवते, त्यामुळे रसायनांवर दोन शब्द बोलता येतील असं वाटलं होतं. मी तक्ता काढला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला.

"भाऊजी, ताई जेवते का?"

"जेवण : २. सुधारणा अपेक्षित."

"तिचे कपडे अंगावर लोंबतायत. तुम्ही तिच्याकडे शेवटचं कधी बघितलंत?"

"रोज बघतो. त्याशिवाय गुण कसे देणार?"

मेहुणीने तक्ता माझ्या हातात परत ठेवला. मग आत जाऊन दार लावून घेतलं. दोघी तासभर बोलत होत्या. नंतर ताईच्या चष्म्याचा नंबर काढायचा आहे म्हणाली आणि तिला घेऊन गेली. संध्याकाळी परतल्या. चष्मा काही दिसला नाही. नंबर कायम असेल.

जाताना मेहुणी म्हणाली, "भाऊजी, एक उपकार करा. थोडे दिवस हिला काही करायला सांगू नका."

प्रशिक्षकांनी बजावलंच होतं. सुरुवातीला जवळचेच लोक विरोध करतात.

११ मार्च

घडलं तसं लिहितो.

तक्त्याला नवं पान जोडायला टाचण्या हव्या होत्या. शिलाई मशीनचा खण उघडला. टाचण्यांखाली गोळ्यांची पाकिटं. सोबत माहितीचा कागद. त्यावर बारीक अक्षरात सेरोटोनिन!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी महिनाभर घसा फोडून जे सांगतोय तेच ही चोरून दुकानातून आणते? आनंदप्रमुखाच्या घरात आनंदाची गोळी! लाँड्रीत कळलं तर?

सौ. पलंगावर बसून मुलीचे जुने मोजे जुळवत होती. मी पाकीट तिच्यापुढे टाकलं.

"मेंदूत बाहेरून रसायनं घालतेस?"

"डॉक्टरांनी दिलीत. पंधरा दिवस झाले."

"अगं, पण हे आतून यायला हवं! नैसर्गिकरीत्या!"

"माझं येत नव्हतं."

आवाज चढला नाही, काही नाही. भाजी आणायची राहिली म्हणावं तसं म्हणाली. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही गुण दिले असते."

मग एक मोजा उलटा करून सुलटा करत ती म्हणाली, "त्या दिवशी गच्चीवर मी ऊन खायला गेले नव्हते."

मी खाली बसलो.

"खाली बघत होते. किती वेळ ते आठवत नाही. तुम्ही हाक मारलीत म्हणून मागं फिरले. घरात आले तर तुम्ही पेन घेऊन फ्रिजपाशी उभे. मग बहिणीला फोन केला."

तारीख विचारायची गरज नव्हती. मी स्वयंपाकघरात गेलो. अठरा फेब्रुवारीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात पाच होते, शेजारी 'उत्तम'.

तक्ता काढला. काढताना फ्रिजवरचा रंगही निघाला.

१२ मार्च

कामावर गेलो नाही. तिच्या आसपास राहिलो. ती पाणी प्यायला उठली की मीही उठत होतो. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, पायात येताय."

प्रशिक्षकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, नकारात्मक व्यक्तींपासून अंतर ठेवा, त्या तुमची ऊर्जा शोषतात. मी म्हटलं, ती माझी बायको आहे. ते म्हणाले, विशेषतः जवळच्या.

मी फोन ठेवला. त्यांनी लगेच पुढच्या शिबिराचं पत्रक पाठवलं.

१५ मार्च

सौ.बरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. माझं ज्ञान कळावं म्हणून जाताना तक्ता बरोबर नेला होता. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा वाचला. प्रभावित झाल्या असाव्यात असं मला वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

मग म्हणाल्या, "रसायनांचं तुम्ही ऐकलंत ते सगळंच खोटं नाही. पण ती नळासारखी सोडता येत नाहीत. आणि आजार म्हणजे फक्त एखादं रसायन कमी पडणं, इतकं सोपंही नाही. त्यात झोप आहे, दुःख आहे, एकटेपणा आहे. यांनी आळस केला नाही. पाय मोडलेल्या माणसाला पळण्याचे गुण द्यावेत तसं झालं हे."

"मग मी काय करू?"

"गोळीला वेळ लागतो, आणखी काही आठवडे. दर आठवड्याला बोलायला यायचं. गच्ची, एकटेपण, तसले विचार परत आले तर कुणाला सांगायचं ते आम्ही ठरवलंय. त्या यादीत तुमचं नाव घालायचं का, ते त्या ठरवतील."

मी सौ.कडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "घाला," म्हणाली. "पण दुसऱ्या नंबरावर."

पहिली मेहुणी. योग्यच आहे.

निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आणि तुम्हाला झोप लागते का?"

हा प्रश्न अप्रस्तुत होता. मी तसं म्हणालोही. रिक्षात बसल्यावर सौ. म्हणाली, "पहाटे तीनपासून कूस बदलत असता. वर्ष झालं." मला वाटायचं, ती झोपलेली असते.

२० मार्च

कामावर. फळ्यावरच्या चांदण्या अर्ध्या सुटून खाली पडल्या होत्या. काही माझ्या खुर्चीला मागून चिकटवलेल्या निघाल्या. मी आठवडाभर त्यांवर टेकून बसत होतो म्हणे.

मुकादमबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, घरी बरंय ना?"

मी "हो" म्हणणार होतो. म्हणालो, "बायको आजारी आहे. मला कळलंच नव्हतं."

त्यांनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "जरा माझ्या जागी उभे राहता? पाणी पिऊन येते."

मी रुळांपाशी उभा राहिलो. चादर तव्यावरून उचलल्यासारखी हातात येते. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला, वीस मिनिटांत डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. पाणी पिऊन यायला मुकादमबाईंना पाऊण तास लागला. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "आतून काही आलं का?"

दुपारी मालकांना लेखी कळवलं. पुढच्या शिबिराला कुणाला पाठवू नये, रुळांपाशी चार पंखे बसवावेत आणि त्या बाजूची बुजवलेली खिडकी फोडावी.

२३ मार्च

मालकांनी बोलावलं. "आनंदप्रमुखच नकारात्मक बोलायला लागला तर खालच्यांनी काय करायचं?"

मी म्हटलं, "खालच्या बाराही जणींनी सह्या केल्यात." मुकादमबाईंनी माझ्या अर्जाच्या मागच्या बाजूला सह्या घेतल्याचं मला जिन्यात कळलं होतं.

पंखे दोन मंजूर. खिडकी विचाराधीन. आनंदप्रमुखाची पाटी वाहतूक विभागाच्या दाराला लागली. तिथला प्रमुख फार खूश आहे. त्याला पुढच्या शिबिराला पाठवणार आहेत.

३० मार्च

सौ. आज सकाळी उठली, परत झोपली. काल बरी होती. मी चहा केला, ठेवला, शेजारी बसून वर्तमानपत्र वाचलं. बातमी एकही लक्षात राहिली नाही. गुण द्यायची फार हुक्की आली. दिले नाहीत.

९ एप्रिल

दुपारी घरातून एक आवाज आला. आधी ओळखलाच नाही. मशीन. चारपाच टाके, मग थांबली. मी बाहेरच्या खोलीत श्वास रोखून उभा. पुन्हा चारपाच टाके.

आत डोकावलो नाही. मेहुणीला फोन करून कळवलं, तर म्हणाली, "भाऊजी, ती रोज मला सांगते. पण तुम्ही सांगितलंत ते बरं वाटलं."

१९ एप्रिल

आज भांडण झालं. सविस्तर लिहितो, कारण असं भांडण आमच्या घरात दोन वर्षांत झालेलं नाही.

सौ.ने एका गिऱ्हाइकाचा लांब कोट घेतला होता. टाचण्या लावून मशीनवर ठेवला होता. मदत करावी म्हणून मी तो कडक इस्त्री करून, लाँड्रीच्या पद्धतीने चौकोनी घडी घालून ठेवला. त्याआधी त्यात राहिलेल्या टाचण्या काढून टाकल्या. सव्वीस होत्या. कुणी निष्काळजीपणे विसरलं असं मला वाटलं.

ती आली. कोट उलगडला.

"माझ्या खुणा कुठं आहेत?"

"कसल्या खुणा?"

"टाचण्या! तीन तास घालवले मी! कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

एवढा आवाज! शेजारची खिडकी उघडली. मी म्हटलं मदत म्हणून, तर मदत या शब्दावरून ती मागे मागे जात राहिली. मिठी मोजली ते निघालं. गार पाण्याचे तांबे निघाले. मुलीला सोडायला गेलो तेव्हा फलाटावर मी तिला पाठ सरळ ठेवायला सांगत होतो तेही निघालं. आणि मग ती थांबली आणि म्हणाली, "आई गेली त्या दिवशी दुपारी तुम्ही कामावर गेलात. का?"

"चादरी..."

"चादरी!"

"चादरींचं नव्हतं," मी म्हणालो. "मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. काय करायचं ते कळत नव्हतं. तिथे गेलो आणि संध्याकाळपर्यंत घड्या घालत उभा राहिलो. मुकादमबाईंना विचार."

ती कोट हातात घेऊन उभी होती.

"मग तसं येऊन सांगायचं होतं," ती म्हणाली. "दोघं मिळून घातल्या असत्या."

डोळे दोघांनीही पुसले. तिने कोटाच्या बाहीला, मी हाताला. मग ती एकदम भानावर आली आणि गिऱ्हाईक पाच वाजता येणार असल्याची तिला आठवण झाली.

"माणूस तुमच्याच अंगाचा आहे. घाला हा. आणि हलायचं नाही."

दीड तास कोट घालून स्टुलावर उभा होतो. बोलायचीही परवानगी नव्हती. ती तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरत होती आणि तशातही ओठांच्या कोपऱ्यातून मला बोलत होती. मला तीनदा टाचणी टोचली. पहिल्या दोनदा चुकून. तिसऱ्यांदा मुद्दाम, असं ती स्वतःच म्हणाली.